खालची ओळ

सोमवार, ६ जानेवारी

डिसेंबरातल्या एका सकाळची गोष्ट. पाणी साडेपाचला आलं आणि सहाला गेलं. तेवढ्यात पिंप भरलं, दोन बादल्या भरल्या, माठ घासून भरला. रात्रीचा भात फोडणीला टाकला, उंबरा पुसला आणि ओला-सुका कचरा दोन पिशव्यांत घेऊन खाली उतरले. नोटीस बोर्डावर टाकीच्या सफाईची नोटीस होती. सहा ओळींत नऊ चुका. पिशव्या खाली ठेवून मी पेन्सिलीने त्या दुरुस्त करत उभी राहिले. मागून तळमजल्यावरची रुचिता हसली. म्हणाली, काकी, आमच्या ऑफिसला असाच डोळा पाहिजे, येता का? तेव्हा मला वाटलं पोरगी मस्करी करतेय.

आज मी खरंच कामावर गेले. चोपन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. निळी साडी नेसले, डबा घेतला, मोरव्याच्या नाक्यावरून शेअर रिक्षा धरली आणि पूल चालत पार करून भाईंदर पूर्वेला पोचले. मला आनंद झाला हे लिहून ठेवते. दोन वर्षांत झाला नव्हता.

ऑफिस म्हणजे गाळ्यांच्या रांगेत पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करतात. दिवसभर मशीन किंचाळतं आणि काळी धूळ जिन्याने वर येते. मालक निहार म्हणून आहे, पस्तिशीचा. पायात पांढरे बूट, त्यांवर काळी धूळ, आणि बोलणं असं की जगाला दरवाजे ह्यानेच बसवून दिले. मला म्हणाला, वेलकम काकू, तुम्ही आमच्या कॉमन युजर. म्हणजे काय ते विचारलं. म्हणाला, म्हणजे ज्याला काही कळत नाही असा माणूस. मी म्हटलं, मग तुमच्याकडे आधीच असतील की. रुचिताने तोंडावर ओढणी धरली.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं वाचन फर्म्यांवर झालं. हे दहिसरला बाइंडिंगच्या कारखान्यात होते आणि छापलेले फर्मे घड्या घालायला घरी आणायचे. सोळा पानं एका कागदावर, उलटीसुलटी. मी आधी पान नऊ वाचायचे, मग पान दोन. गोष्टीचा शेवट कळल्यावर सुरुवात हाती लागायची. त्यातूनच चूक दिसायची सवय लागली. ही वहीसुद्धा ह्यांनीच उरलेल्या कागदांची बांधलेली आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

काम समजलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरायला नको.

ॲपचं नाव ‘कडी’. दीडशे सोसायट्यांत चालतं, आमच्याही. गेटवर पाहुणा आला की वॉचमन त्याचं नाव आणि फोटो टाकतो. घरातल्या माणसाचा फोन वाजतो आणि खाली मेनूची दोन ओळींची पट्टी येते. वरची ओळ ‘येऊ द्या’. खालची ओळ ‘नको’. एका मिनिटात काहीच दाबलं नाही तर होकार धरायचा, कारण कुरिअरवाले खोळंबतात.

आता फोनची नवी आवृत्ती येतेय. तिच्यात फोन स्वतःची पट्टी सगळ्यात खाली पसरतो, आणि ॲपने आपला मेनू वर सरकवून घ्यायचा असतो. आमचा सरकलेला नाही. त्यामुळे ‘नको’ दिसतं, पण दाबलं की फोनला वाटतं ॲप मिटायचंय. ॲप मिटतं, मिनिट संपतं, पाहुणा आत.

बाइंडिंगमध्ये हेच होतं. मार्जिन सोडलं नाही की कटिंगला शेवटची ओळ जाते. असलं पुस्तक हे फेकून द्यायचे. निहार ते सव्वीस जानेवारीला दीडशे सोसायट्यांत वाटणार आहे. मी म्हटलं, आधी ‘नको’ वर घ्या. तो म्हणाला, काकू, सत्त्याण्णव टक्के लोक ‘येऊ द्या’च दाबतात, आधी ते टेस्ट करा. सत्त्याण्णव टक्के! आकडा असा तोंडावर फेकतो जणू तो स्वतः घरोघर फिरून मोजून आला.

माझ्यासमोर टेबलावर अकरा फोन, त्यांवर एक ते अकरा चिकटपट्ट्या. बाराव्या फोनवर मी वॉचमन. बाहेरच्या बोळातल्या भिंतीचा फोटो काढायचा, पाहुण्याचं नाव ‘अबक’ टाकायचं आणि पाठवायचं. अकराही फोन वाजतात. मी अकरा वेळा ‘येऊ द्या’ दाबते आणि तक्त्यात खुणा करते. मग पुन्हा पहिल्यापासून. आज चाळीस फेऱ्या झाल्या.

गुरुवार, ९ जानेवारी

हात बसला. साठ फेऱ्या होतात. बोळातली भिंत नवी रंगवलेली, पोपटी आहे. रंग निवडणाऱ्याला शिक्षा म्हणून तिच्यासमोर बसवायला हवं.

रुचिताला विचारलं की हे अकरा फोन कुणाच्या नावाचे. ती म्हणाली, बंद पडलेल्या सभासदांचे. बंद पडलेले म्हणजे? ती म्हणाली, काकी, मला फोन आलाय, आणि बाहेर गेली. फोन वाजला नव्हता.

सोमवार, १३ जानेवारी

सात नंबरच्या फोनवर बोट चुकून वर गेलं. कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, तिथे मेनूचा उरलेला भाग असतो. तो उघडला. त्यात ‘माझी माहिती’.

दशरथ मांडवकर. फ्लॅट ३०२. सोबत ह्यांचा पासपोर्टचा फोटो, कान बाहेर आलेला.

मी लग्नानंतर हे नाव तोंडाने घेतलेलं नाही, हातानेही लिहिलेलं नाही. आज लिहिलं.

निहारसमोर फोन धरला. त्याला जरा तरी लाज वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ओह, अंकल का? सॉरी हां. मग समजावू लागला. जिवंत माणसांची नावं टेस्टला घेतली तर त्यांचे फोन वाजतात, शिव्या खाव्या लागतात. म्हणून सोसायट्यांकडून कुणी वारल्याचा फॉर्म आला की तो नाव काढत नाही, टेस्टच्या यादीत टाकतो. मयत माणूस कंप्लेंट करत नाही ना काकू. हे बोलताना त्याच्या तोंडात समोसा होता.

तो फॉर्म सेक्रेटरीने भरला होता आणि खाली सही मी केली होती. बाराव्यानंतर चौथ्या दिवशी, सेक्रेटरीच्या दारात उभी राहून. सही करायला मला अर्धा तास लागला होता. आणि ह्या माणसाने तो कागद पुडीसारखा वापरला.

घरी येताना पुलावर दुसरी गोष्ट लक्षात आली. मयताच्या घरी ‘या’ म्हणत नाहीत. भेटायला आलेला न सांगता उठतो, ‘येतो’ म्हणत नाही. घरचाही त्याला ‘या’ म्हणत नाही. आमच्या रत्नागिरीकडे लहान पोराला हे कळतं. आणि मी आठवडाभर अकरा मयतांच्या घरून, त्यांच्या हाताने, दिवसाला साठ साठ वेळा ‘येऊ द्या’ म्हणत बसले आहे.

मनात म्हटलं, ॲप आहे. भिंतीचा फोटो आहे. अबक नावाचा कुणी नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू, मला कुणी बोलावत नाही, मीही जात नाही. त्या वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या मला नकोतच.

संध्याकाळी साडेसहाला घरी आले. कुलूप उघडलं, दार ढकललं, तर दार जड. दारामागे चपलांचा ढीग असला की दार जसं घासत उघडतं, तसं. आत काही नव्हतं. एक खोली आणि स्वयंपाकघर, सगळं जागच्या जागी. पण हवा उबट होती. लग्नाचं वऱ्हाड नुकतंच उठून गेलेल्या हॉलमध्ये असते तशी.

सकाळी भरलेला माठ अर्धा.

माठ गळत असेल. नवा घ्यायला हवा.

गुरुवार, १६ जानेवारी

माठ गळत नाही. खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवून पाहिलं.

पंखा पाचवर लावला तरी वारा खालपर्यंत पोचत नाही. मध्येच अडतो. स्टुलावर चढले की लागतो, खाली बसले की नाही. स्वयंपाकघरात जाताना मी तिरकी होऊन जाते आहे हे आज लक्षात आलं. रिकाम्या खोलीत अंग चोरून चालतेय, आणि ते माझं मला ठरवून करावं लागत नाही, अंगच वळतं.

खाली रामूला विचारलं, माझ्याकडे कुणाला सोडलंस का. रामू गेटवरचा वॉचमन, जौनपूरचा, गेल्या सात वर्षांत एकदाही खोटं बोललेला मला माहीत नाही. म्हणाला, आंटी, आपके यहाँ तो अंकल के बाद कोई आता ही नहीं. मग हळूच म्हणाला, पर आपकी खिड़की में बहुत लोग दिखते हैं आजकल. मैं समझा मेहमान हैं.

मी म्हटलं, हां, गाव से आए हैं.

शनिवार, १८ जानेवारी

बाराव्या फोनवर हिशेबाचं पान सापडलं, वॉचमनच्या मेनूत. फ्लॅटवार किती आत, किती बाहेर.

३०२: आत ५९४. बाहेर ०.

बाकी दहा घरांचंही तेच. बाहेर शून्य. ‘बाहेर’ची चाचणी माझ्या तक्त्यातच नाही. निहारला विचारलं. म्हणाला, काकू, बाहेर जाणाऱ्याची परमिशन कोण मागतं?

दुपारी मदतीच्या नंबरवर एका बाईचा फोन आला, मीरा रोडची दिव्या म्हणून. तिची आई अनसूया दिवाळीत वारली. अनसूया आमच्या टेबलावर तीन नंबर आहे. दिव्या म्हणत होती, तुमच्या ॲपमधून पाहुणे बाहेर कसे काढायचे सांगा. निहारने फोन स्पीकरवर टाकला होता, आम्हाला मजा वाटावी म्हणून. ती म्हणाली, अहो, माझं बाळ पाळण्यात झोपत नाही, त्याच्या बाजूला कुणीतरी झोपतंय. हसू नका ना, प्लीज. निहारने तिला फोन बंद करून चालू करायला सांगितला. फोन ठेवल्यावर म्हणाला, लोक काहीही ओढतात यार.

रुचिता हसली नाही. मीही नाही.

त्यानंतर मी बोळातली भिंत पाहिली, आणि फोटोतली भिंत. बोळातली पोपटी, स्वच्छ. फोटोतल्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा. रेशनच्या रांगेत लोक वर्षानुवर्षं पाठ टेकून उभे राहिले की पडतो तसा. पहिल्या दिवशीच्या फोटोत तो नाही. नऊ तारखेपासून आहे. रोज थोडा रुंद.

सोमवार, २० जानेवारी

आज फेऱ्या करायच्या नाहीत असं ठरवून गेले. निहारने तक्ता समोर आपटला. सहा दिवस राहिलेत, असं म्हणाला. मी फक्त बाराव्या फोनवरून पाहुणा पाठवला आणि हात मांडीवर ठेवला. म्हटलं, कुणी दाबायचंच नाही, बघू.

मिनिट संपायच्या आत सात नंबरवर ‘येऊ द्या’ची ओळ खाली दबली.

पुन्हा पाठवला. घंटा पुरी वाजलीही नाही तोवर — येऊ द्या.

हे असेच होते. दाराची बेल वाजायच्या आत ह्यांचं ‘या, या’ सुरू. गावचा कुणी, कारखान्यातला कुणी, विमावाला, धर्माचं पुस्तक विकणारा. चहा मी करायची. भाकऱ्या मी थापायची. चटया मी घालायची. एकदा एक माणूस अकरा दिवस राहिला आणि गेल्यावर कळलं, त्याला हेसुद्धा ओळखत नव्हते. मी भांडायची तर म्हणायचे, अगं, दारातून परत कसं पाठवायचं. असा बावळट माणूस. मेला तरी बावळटच.

मला राग आला आणि त्याच वेळी मी खुर्ची सात नंबरजवळ ओढून घेतली. दिवसभर तिथेच बसले. ह्यांचं बोट इथे आहे असं वाटत होतं. दुपारचा डबा तिथेच खाल्ला.

निहारला नाही सांगितलं. त्याने तेही नवी सोय म्हणून विकलं असतं.

मंगळवार, २१ जानेवारी

कॉटची डावी बाजू ह्यांची. दोन वर्षं मी तिथे झोपले नाही, उशीही ठेवली नाही. चादर रोज बदलते, पण तिथे सुरकुती पडत नाही, ती बाजू सपाटच राहते. मला ती सपाट जागा लागते. माझ्याकडे ह्यांचं तेवढंच आहे. वस्तू सगळ्या देऊन टाकल्या. ती रिकामी जागा ठेवली.

आज ती खोलगट आहे. दोघं बसलेत एवढी.

मी म्हटलं, उठा. स्पष्ट आवाजात म्हटलं. गादी अजून खाली गेली. तिसरा कुणी बसला.

हे लोक बोलत नाहीत, काही मागत नाहीत, निघत नाहीत. ह्यांना हाक मारून बोलावलं नाही, ह्यांना नाव नाही, नाव म्हणून अबक दिलं तेही मी. फुकटचं पाणी पितात आणि माझ्या माणसाच्या जागेवर ढुंगण टेकतात.

झोप नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसले. तिथेही डाव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा.

बुधवार, २२ जानेवारी

रुचिताला सगळं सांगितलं. वाटलं होतं वेड्यात काढेल. ती म्हणाली, काकी, दिव्याचा फोन मला रोज येतो. मग तिने तिच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. ‘नको’ची ओळ वर घ्यायला तिला दोन तास लागले होते. शनिवारीच केलंय. मेनू वर सरकलाय, खाली मार्जिन आहे, सगळं नीट. निहारने घेतलं नाही. म्हणाला, नेक्स्ट अपडेटमध्ये टाकू. आता बदल केला तर सगळं पुन्हा टेस्ट करावं लागेल, सव्वीस तारीख चुकेल, बॅनर छापून झालेत.

बॅनर! मी उठून त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, निहार शेठ, ज्या घराला नको म्हणता येत नाही ते घर नसतं, धर्मशाळा असते. तो म्हणाला, वा काकू, हे बॅनरवर टाकायला पाहिजे होतं.

दुपारनंतर बाराव्या फोनला मी हात लावला नव्हता. तरी सात नंबर वाजला. फोटोत भिंत नाही. नुसता तो काळा पट्टा, जवळून. नाव रिकामं.

मी ‘नको’ दाबलं. ॲप मिटलं. उघडलं. दाबलं. मिटलं. नखाने दाबलं. उघडलं तेव्हा तिथे लिहिलं होतं, आत पाठवले.

पुन्हा वाजला. पुन्हा.

गुरुवार, २३ जानेवारी

दार अर्धंच उघडतं आता. सकाळी गॅस पेटवायला —

नाही. नीट लिहिते.

विचार करून ठरवलं. यजमान असतो तोवर पाहुणे बसतात. यजमानाचं नाव दारावर आहे म्हणून हे बसलेत. तीन ठिपक्यांच्या मेनूत, वॉचमनच्या फोनवर, ‘सभासद काढा’ आहे. दोन वर्षांपूर्वी सही केली तेच काम. निहारने केलं नाही. ते मी करायचं.

सव्वा वाजता सगळे जेवायला खाली गेले. खालचं मशीनही बंद होतं. मी बाराव्या फोनवर यादी उघडली. दशरथ मांडवकर. सभासद काढा.

मला माहीत नव्हतं की ॲप ज्याला काढायचं त्यालाही विचारतं.

सात नंबर वाजला. तुमचं नाव काढत आहोत. वरची ओळ ‘चालेल’. खालची ओळ ‘नको’. एक मिनिट.

मी हात मागे घेतले. पाठीमागे धरले.

खालची ओळ दबली. ॲप मिटलं.

ॲप उघडलं, आपोआप. खालची ओळ दबली. मिटलं.

उघडलं. दबली. मिटलं.

हे. ज्यांनी उभ्या जन्मात विमावाल्याला परत पाठवलं नाही ते. नको. नको. नको. आधी सावकाश, मग भराभरा, काच तडतडेपर्यंत. पट्टीवर बोटाच्या घामाचा ठसा — डाव्या हाताच्या अंगठ्याचा, त्याचा कटिंग मशीनने उडवलेला कोपरा —

मी ओरडले की वर दाबा, थोडं वर. वर ‘चालेल’ होतं. वर दुसरं काही नव्हतंच.

बाराव्या फोनवर ‘रद्द करा’ शोधलं. सगळे मेनू उघडले. नाही. असली गोष्ट कुणी केलीच नाही, कारण सत्त्याण्णव टक्के —

चोवीस सेकंद उरले. मी सात नंबर छातीशी धरला. तो हातात थरथरत होता. नऊ.

मग थांबला.

उत्तर आले नाही. होकार धरला आहे. सभासद काढला.

घरी आले. दार एका बोटाने उघडलं. पंख्याचा वारा जमिनीपर्यंत. माठ भरलेला. कुणी नाही. कॉट सपाट, दोन्ही बाजूंनी सारखी सपाट. मी डाव्या बाजूला हात फिरवला. उजव्या बाजूला फिरवला. मला फरक कळेना.

शुक्रवार, २४ जानेवारी

दहाला कामावर गेले. रुचिता जिन्यातच भेटली. म्हणाली, काकी, काल रात्री दिव्याच्या नवऱ्याने पोलिसांत जायची धमकी दिली, निहार घाबरला, ‘नको’ची ओळ वर घेतलीय. सगळ्या फोनांत टाकली. आता तेवढं तपासा.

सात नंबरवर निहारने दुसरं नाव घातलंय. कुणी स्वप्नाली. मी वाचलं नाही पुढे.

टेबलाशी बसले. बाराव्या फोनवरून पाहुणा पाठवला. पहिल्या फोनवर खालची ओळ दाबली. लागली. परत पाठवले, असं आलं. दुसऱ्यावर दाबली, लागली. तिसऱ्यावर, अनसूयाबाईंच्या, लागली. सात नंबरवर एकदाच दाबली, हलक्या हाताने. लागली.

तक्त्यात बरोबरची खूण केली.

आठव्यावर दाबली, लागली. नवव्यावर लागली. दहाव्यावर लागली. अकराव्यावरही लागली.